एमजीबीचे रुंद टायर, चार पिस्टनचे ब्रेक आणि एक डावं-उजवं

उजव्या हाताचं लांब वळण होतं आणि मध्यावर रस्ता जरा खचलेला. गाडी डावीकडे कलली, खाली बसली आणि मागून खर्रर्र असा आवाज आला. शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ मागे वळून बघत म्हणाला, “ताई, हे आधी नव्हतं.” नव्हतंच. आदल्या दिवशी बसवलेले १९५/६० आर १४ (म्हणजे १९५ मिलिमीटर रुंद, रुंदीच्या ६० टक्के उंचीचे, १४ इंची रिमचे) टायर होते आणि त्यांच्यासाठी हौसेने घेतलेल्या सहा इंची रिम. डावा मागचा टायर चाकाच्या कमानीच्या आत वळवलेल्या पत्र्याच्या कडेला घासून आला होता. घरी येऊन पाहिलं तर टायरच्या खांद्यावर गोलाकार चकचकीत पट्टा उमटला होता, आणि पत्र्याच्या कडेवरचा रंग तेवढ्या लांबीत गायब.

गाडी एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७१ ची रोडस्टर (उघड्या छताची), क्रोम बंपरची. ओळख थोडक्यात करून देते. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही बनली, जीटी, म्हणजे बंद छताची, धरून पाच लाखांच्या वर. १७९८ सीसीचं इंजिन, ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. मागचा ॲक्सल अखंड, कमानपाट्यांवर बसवलेला. पुढचे शॉकॲब्सॉर्बर लीव्हर आर्म प्रकारचे, आणि त्यांची भुजाच वरच्या विशबोनचं (चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याचं) काम करते. पॉवर स्टेअरिंग नाही. माझ्या गाडीत ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नाही, आणि ब्रेकचं सर्किट एकच आहे. म्हणजे चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच रांगेतून दाब जातो. कुठेही एक होज (ऑइलची लवचिक नळी) फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गेल्या दोन वर्षांत या गाडीवर चढवलेल्या आणि काही उतरवलेल्या सामानाबद्दल लिहिते आहे. टायरचे दोन जोड, पॅडचे दोन प्रकार, जाळीदार स्टीलच्या होज आणि चार पिस्टनच्या कॅलिपरचा (डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या भागाचा) एक मोठा संच. विकणाऱ्यांची नावं घेत नाही. माझ्या तक्रारींत निम्मा वाटा माझ्याच घाईचा आहे.

सुरुवात झाली ती एका घाटात. उतार लांब, वळणं लागोपाठ, आणि मी तरुणपणीच्या उत्साहात तिसऱ्या गिअरऐवजी चौथ्यात. अर्ध्यावर आल्यावर पेडल खाली जायला लागलं. आधी इंचभर, मग आणखी. गिअर खाली घेतला, हँडब्रेक हाताशी धरला आणि पुढच्या रुंद जागेत गाडी थांबवली. पुढच्या चाकांतून करपट वास येत होता. त्या रात्रीच मी ठरवून टाकलं, या गाडीला ब्रेक कमी पडतात. त्याच बैठकीत चार पिस्टनचा संच मागवला, आणि ब्रेक मोठे होणार तर टायरही रुंद हवेत म्हणून रिम आणि टायरही. निदान न करता औषध घेणं म्हणतात ते हेच. पण संच यायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांनीच मला शहाणं केलं.

आधी टायर, कारण ते लगेच आले.

जुने टायर १६५ आर १४. खाचा भरपूर शिल्लक, कडा सुबक, कुणीही म्हणेल अजून दोन-तीन वर्षं चालतील. टायरवाल्या काकांनी एक चाक जमिनीवर आडवं टाकलं, बोटाने बाजूची लंबगोल चौकट दाखवली आणि म्हणाले, “ताई, हे वाचा.” २३०९. म्हणजे २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात, हे मला माहीत होतं. स्वतःच्या गाडीवर कधी वाचले नव्हते इतकंच. काकांनी नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. “हे रबर आता रबर नाही राहिलं,” ते म्हणाले. “खाच दिसते, पकड नाही.”

तिथेच माझी शंका जागी व्हायला हवी होती. पावसात जरा जोरात ब्रेक मारला की पुढची चाकं जाम होऊन गाडी घसरत जाते, याचा दोष मी कायम ब्रेकला देत आले होते. पण चाक जाम होतंय याचा अर्थ ब्रेक त्या टायरपुरता पुरेसा आहे, पकड टायरची संपते आहे. चाक जाम करू शकणाऱ्या ब्रेकला आणखी मोठा केला, तर ते आणखी लवकर जाम होईल, दुसरं काही नाही. हे मी दुसऱ्याच्या गाडीबद्दल दोन मिनिटांत सांगितलं असतं.

तर १९५/६०. दिसायला झकास. गाडी जरा खाली बसते, चाकं कमानी भरून काढतात, फोटो छान येतात. पण हिशोब करा. मूळ १६५ आर १४ म्हणजे रुंदीच्या साधारण ८० टक्के उंचीचा टायर, व्यास साधारण ६२० मिलिमीटर. १९५/६० चा व्यास ५९० च्या आसपास. तीस मिलिमीटरचा फरक, म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटर खाली. या गाडीच्या सायलेन्सरला आधीच गतिरोधकांशी बोलायची सवय आहे, तिला आणखी पंधरा मिलिमीटर म्हणजे चेष्टा झाली. शिवाय स्पीडोमीटर पाच टक्के जास्त दाखवतो आणि त्याच वेगाला इंजिन पाच टक्के जास्त फिरतं. ओव्हरड्राइव्ह (लांबच्या प्रवासात इंजिन हळू फिरू देणारा जास्तीचा गिअर) नसलेल्या गाडीत लांबच्या प्रवासात ते पाच टक्के कानाला कळतात.

आणि रिम. गाडीच्या मूळ रिम, रोस्टाइल नावाच्या, पाच इंच रुंद. १९५/६० टायरला किमान साडेपाच इंची रिम लागते, म्हणून मी सहा इंची घेतल्या. नटांच्या वर्तुळाचं माप जुळत होतं, चार नट ११४.३ मिलिमीटरवर, आणि तेवढं जुळलं की सगळं जुळलं असं मी समजले. ऑफसेट, म्हणजे हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) टेकणारी पाटी रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे, ते पाहिलंच नाही. ती रिम चाकाला बाहेरच्या बाजूला ढकलत होती. त्यात माझ्या गाडीत डाव्या मागच्या चाकाला उजव्यापेक्षा जागा मुळातच कमी. उजवीकडे टायर आणि कमानीची कड यांच्यात दोन बोटं आरामात जायची, डावीकडे एक बोट, तेही अंगठीशिवाय. हाताने जोडलेल्या पत्र्यांच्या जमान्यातल्या गाडीत डावं-उजवं तंतोतंत सारखं असेलच असं नाही. त्यात पाट्यांवरचा ॲक्सल वळणात जरासा बाजूलाही सरकतो. एवढं सगळं त्या एका खर्रर्रमध्ये होतं.

कमानीची कड रोलरने आत दाबून घ्या, असा सल्ला तीन जणांनी दिला. देणाऱ्यांपैकी एकाचीही स्वतःची कमान पन्नास वर्षं जुनी नव्हती. त्या कडेत दोन पत्रे एकमेकांवर बसवलेले असतात, मध्ये सील असतं. ते दाबलं की रंग तडकतो, फटीत पाणी जातं आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंजाची फुगी येते. मी नाही म्हटलं. टायर एका ओळखीच्यांना दिले, रिम उतरवल्या.

दुसरा जोड १८५/७० आर १४. हाच तो, जो मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन. व्यास ६१५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मूळपेक्षा फक्त पाच मिलिमीटर कमी, आणि स्पीडोमीटरला कळतही नाही. साडेचार ते सहा इंची रिमवर बसतो, त्यामुळे मूळ पाच इंची रोस्टाइल रिम तशाच. भार निर्देशांक ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो, या गाडीला हवा त्याहून कितीतरी जास्त. वेगाचं अक्षर एच, २१० किलोमीटरपर्यंत. माझी गाडी त्या आकड्याच्या आसपास फक्त उतारावरून कोसळली तरच जाईल. डाव्या बाजूला बोट जातं. पूर्ण भरलेल्या गाडीतही घासत नाही.

रुंद टायरने जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ दीडपट होतं असा एक लाडका समज आहे. तसं होत नाही. ते क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. रुंद टायरने त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा होता तो आखूड आणि आडवा होतो. त्याने वळताना टायर कमी पिळवटतो, स्टेअरिंगला पटकन उत्तर देतो. मला जो मोठा फरक जाणवला त्यातला बराच भाग मात्र वीस मिलिमीटर जास्त रुंदीचा नव्हता, ताज्या रबराचा होता. तोच ताजा टायर मूळ १६५ मध्ये घेतला असता तरी मी निम्म्याहून जास्त खूश झाले असते, असं आता वाटतं.

काही गमावलंही. जुन्या अरुंद टायरवर ही गाडी सुटायच्या आधी सांगायची. हळूहळू, सावकाश, वळणात बाहेर सरकायला लागायची आणि तेवढ्यात आपल्याला हात फिरवायला वेळ मिळायचा. आता ती उशिरा सांगते. पकड जास्त आहे पण संपते तेव्हा लवकर संपते. कमी वेगात जी मजा होती ती आता जरा वरच्या वेगात गेली आहे, आणि त्या वेगात सार्वजनिक रस्त्यावर मजा शोधायची नसते. एका जागी उभी असताना स्टेअरिंग फिरवणं तर व्यायामच. चालती ठेवली की ठीक. पण त्या जडपणाने एक चांगलं काम केलं: पुढच्या किंगपिनमधली (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्यातली) ढिलाई, जी जुन्या टायरवर लपून बसली होती, ती आठवड्याभरात थरथर होऊन स्टेअरिंगवर आली. ग्रीसगन घेऊन महिनाभर वळसे घातले, मग शेवटी बुश बदलून घेतले. रुंद टायर लावणाऱ्यांनी हा खर्च मनात धरून ठेवावा.

हवेचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तिकेतले पुढे २१, मागे २४ पाउंड हे आकडे जुन्या टायरसाठी होते. १८५/७० वर तेवढ्यात गाडी लोळते आणि टायरच्या कडा झिजतात. मी दोन-दोन पाउंडांनी वाढवत पुढे २६, मागे २८ वर थांबले. २९–३१ ला गेले तर लीव्हर आर्म शॉकॲब्सॉर्बर प्रत्येक खडा मोजून दाखवत होते.

आता ब्रेक. संच अजून आलेला नाही, गाडी तर चालवायची आहे, म्हणून किरकोळ कामं करून घेऊ म्हटलं. मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. आतलं ब्रेक ऑइल काळ्या चहाच्या रंगाचं. शेवटचं कधी बदललं याची घरात कुणालाच आठवण नाही. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पाणी मुरलेल्या अवस्थेत तोच किमान १५५ पर्यंत उतरतो. घाटात पेडल खाली का गेलं याचं उत्तर त्या वाटीत होतं. ऑइल उकळून वाफ झाली, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय वाफ दाबत होता.

मग होज. या गाडीला लवचिक होज तीनच: पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. उजव्या पुढच्या होजला वाकवलं तर रबरावर बारीक भेगांची जाळी उमटली, वाळलेल्या तळ्यासारखी. आणि वर सांगितलं ते आठवा, सर्किट एकच. मी तिथेच फरशीवर बसून राहिले दोन मिनिटं. अशा होजवर मी घाट उतरले होते.

स्टीलच्या जाळीच्या होज बसवल्या. लोक म्हणतात त्याने पेडल दगडासारखं होतं. तसं नाही झालं, पण रबरी होज दाबाखाली जरा फुगते ते थांबलं, आणि पेडलची सुरुवातीची मऊ ओढ गेली. माझ्या दृष्टीने खरा फायदा एवढाच की त्या नव्या आहेत.

मागच्या ड्रमचं काम मात्र सोन्याचं. दहा इंची ड्रम, आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) जवळ आणायला पाठीमागच्या पाटीवर छोटा चौकोनी खुंटा. त्याला चौकोनी पाना लावून फिरवायचं, चाक जाम होईपर्यंत, मग चाक मोकळं होईपर्यंत एकेक खाच मागे. माझ्याकडचा एक खुंटा गंजून गोल झाला होता, म्हणजे कित्येक वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. ड्रम उघडला तर उजव्या बाजूचे लायनर ॲक्सलच्या तेलाने ओले. हबचं सील गेलेलं. सील, लायनर, खुंटा बदलून, जुळवणी करून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच ब्रेकला पेडल इतक्या वर थांबलं की भावाने माझ्याकडे पाहिलं. मागचे लायनर लांब असले की पेडलची निम्मी धाव त्यांना ड्रमपर्यंत पोचवण्यातच जाते. त्यात हँडब्रेक सात दात ओढावा लागायचा तो चारवर आला.

पुढे मूळ कॅलिपरमध्येच जरा चांगल्या दर्जाचे पॅड घातले. आधीचे कसले होते देव जाणे. कडक, थंडीत सकाळी पहिल्या दोन ब्रेकला लाकडासारखे. नव्या पॅडना बसू द्यावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगातून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मधे थंड होऊ देत. पूर्ण थांबून पाय दाबून धरला तर गरम पॅडचा शिक्का डिस्कवर उमटतो आणि मग पेडल थरथरतं. हे एवढं केलं आणि त्याच घाटात गेलो. या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये. पेडल जिथे होतं तिथे राहिलं.

आणि मग, बरोबर त्याच आठवड्यात, चार पिस्टनचा संच आला.

परत पाठवावा असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण पेटी उघडली. अ‍ॅल्युमिनियमचे काळे कॅलिपर, मधून हवा खेळणाऱ्या जाड डिस्क, ब्रॅकेट, बोल्ट, पॅड, आणि सूचनांचा एक कागद. एकच. छायाप्रतीची छायाप्रत, आकृतीतले बाण कुठे संपतात ते कळेना. एवढ्या महागड्या सामानाबरोबर असा कागद देणाऱ्याला मी एक गुण तिथेच कापला.

मोठे ब्रेक ही या गाडीच्या बाबतीत परकी कल्पना नाही. १९७३ ते १९७६ दरम्यान कारखान्यानेच साडेतीन लिटरचं रोव्हरचं व्ही ८ इंजिन घातलेली एमजीबी जीटी बनवली, २,५९१ गाड्या, आणि तिला पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले. चाकं मात्र १४ इंचीच. ज्यांना मूळ स्वभावाला धरून राहायचं आहे त्यांच्यासाठी तो रस्ता आहेच. मी आधुनिक संच घेतला कारण मी तो त्या घाटातल्या रात्री मागवला होता.

डिस्क बदलायची तर हब उतरवावा लागतो. कॅसल नटची पिन काढा, नट काढा, हब ओढा, आणि इथे सावध. दोन टेपर बेअरिंगच्या मधे एक स्पेसर आणि कागदाइतके पातळ शिम, म्हणजे चकत्या, असतात, त्यांवरच बेअरिंगची सूक्ष्म ढिलाई ठरते, पाच-दहा शतांश मिलिमीटरची. डाव्या हबचा एक शिम मला मिळेना. पाऊण तास फरशी, ट्रे, माझ्या बाह्या, सगळं शोधलं. शेवटी तो आतल्या बेअरिंगच्या पाठीला ग्रीसमध्ये चिकटलेला सापडला. सांगायचं हे की डावे-उजवे शिम वेगळ्या डब्यांत ठेवा, आणि डबे पायाशी ठेवू नका.

सगळं बसवून झाल्यावर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढायची. मी चाकापाशी, कॅलिपरवरच्या निपलला (हवा सोडायच्या तोंडाला) पारदर्शक नळी, नळी बाटलीत, भाऊ पेडलवर. “दाब.” “दाबलं.” “धर.” निपल उघडायचं, बंद करायचं. “सोड.” अर्धा लिटर ऑइल गेलं, नळीतून बुडबुडे यायचे थांबले, तरी भाऊ म्हणतो, “ताई, स्पंज आहे हा.” पुन्हा मागच्या चाकांपासून सुरुवात. पुन्हा स्पंज. आणखी अर्धा लिटर. संध्याकाळ झाली, आम्ही एकमेकांशी बोलणं कमी केलं. मग मी हातपाय पुसून जरा लांब जाऊन उभी राहिले आणि नुसती पाहत बसले. निपल. कॅलिपरच्या खालच्या टोकाला. हवा वर जाते, निपल खाली, म्हणजे वरच्या पिस्टनच्या डोक्यावर हवेचा फुगा आरामात बसलेला, आणि आम्ही खालून नुसतं ऑइल काढतोय. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. बोल्ट दोन्हीकडे बिनतक्रार बसतात. त्या कागदावर याबद्दल एक शब्द नव्हता, कॅलिपरवर खूणही नव्हती. आमच्या वंशात दोन अभियंते आहेत हे त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही.

अदलाबदल केली, पाव लिटरमध्ये पेडल टणक.

दुसऱ्या दिवशी चक्कर मारली तर पुढून टिक-टिक-टिक, वेगाबरोबर वाढणारी. चाक बॅलन्स करताना रिमच्या आतून चिकटवलेलं शिशाचं वजन नव्या, जास्त रुंद कॅलिपरच्या पाठीला लागत होतं. वजन बाहेरच्या कडेला हलवून घेतलं. तरी रिम आणि कॅलिपर यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटर जागा उरली आहे. चौदा इंची चाकात यापेक्षा मोठं काही मावणार नाही. संच घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा मागवा, तो रिमच्या आत फिरवून बघा. चांगले विक्रेते तो नमुना देतात. माझ्याने दिला नव्हता, मी मागितलाही नव्हता.

आता मुद्द्याचं. ब्रेक कसे आहेत?

एकदाच, सपाट रस्त्यावर, थंड ब्रेकने, जोरात थांबायचं असेल तर फरक शून्य. आम्ही रिकाम्या, बंद डांबरी पट्ट्यावर खडूची रेघ मारून, ऐंशीच्या वेगातून थांबून पाहिलं, आधी मूळ कॅलिपरवर आणि नंतर नव्यावर. दोन्ही वेळच्या थांबण्याच्या जागांत चार पावलांपेक्षा जास्त फरक नव्हता. थांबणार कशी नाही? चाक जाम होण्याच्या सीमेपर्यंत दोन्ही ब्रेक नेतात, त्यापुढे टायर. पण त्या सीमेवर पाय धरून ठेवणं नव्या ब्रेकने सोपं झालं. आधी सर्व्होशिवाय पेडल अक्षरशः उभं राहून दाबावं लागायचं आणि तिथून बारीक कमी-जास्त करणं पायाला जमत नसे. आता पायाचा जोर कमी लागतो आणि सीमा बोटांनी चाचपता येते. पेडलची धाव मात्र आधीपेक्षा जरा लांब झाली, कारण मास्टर सिलिंडर तोच आणि पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं. ज्याला आखूड, कडक पेडल आवडतं त्याला हे आवडणार नाही.

उतारावर मात्र हा संच वेगळीच गोष्ट आहे. आम्ही दोघं, पेट्रोल, सामान धरून गाडी साधारण ११०० किलो. शंभरच्या वेगातून थांबवायची तर सव्वाचार लाख जूल उष्णता होते. पन्नासमधून थांबवायची तर त्याच्या चौथाई. पण अर्धा किलोमीटर उंचीचा घाट वेग न वाढवता उतरायचा असेल तर ५४ लाख जूल कुठेतरी जायला हवेत. थोडे वाऱ्यात जातात, थोडे इंजिनात, आणि उरलेले डिस्कमध्ये. शंभरमधून तेरा वेळा लागोपाठ थांबण्याइतकं ते काम आहे. तिथे जाड आणि हवा खेळणारी डिस्क कामाला येते. त्याच घाटात मुद्दाम, परतीच्या वाटेवर कुणी नसताना, ब्रेकवर भार ठेवत उतरले. खाली आल्यावर वास नाही, पेडल बदललं नाही. चाकापाशी हात नेला तर ऊब लांबूनच लागत होती, पण तक्रार काही नाही.

एक कुरबुर आहे. पुढचे ब्रेक सशक्त झाल्यामुळे सगळं काम तेच करतात आणि मागचे लायनर झिजतच नाहीत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधीपेक्षा लवकर सीमेवर येतात. पायाला सवय व्हायला मला महिना लागला. शिवाय पॅड थंड असताना कुरकुरतात, गल्लीत शिरताना सगळ्यांना कळतं मी आले.

कौल विचाराल तर १८५/७० टायरला दहापैकी नऊ; एक गुण त्या हरवलेल्या सैल मजेसाठी कापला. होज, ताजं ऑइल, लायनर आणि पॅड यांना मिळून दहा, आणि त्या सगळ्याची एकत्र किंमत मोठ्या संचाच्या पासंगालाही पुरली नसती. चार पिस्टनच्या संचाला सात. कागदासाठी, खुणा नसलेल्या कॅलिपरसाठी आणि तीन महिन्यांसाठी तीन कापले. डोंगरात न राहणाऱ्याने, न जाणाऱ्याने तो घेऊ नये. मी पुन्हा घेतला असता का? दर महिन्याला दोनदा घाट उतरते, म्हणून हो. पण आधी झाकण उघडून ऑइलचा रंग बघितला असता, मग.

सर्किट अजून एकच आहे. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर मनात आहे, त्यासाठी पेडलचा बॉक्स आणि पाइपांची मांडणी दोन्ही बदलावी लागणार. भाऊ म्हणतो, या वेळी कागद आधी तो वाचेल. सहा इंची रिम माळ्यावर आहेत, कुणाला रुंद कमानीची गाडी असेल तर घेऊन जा, फक्त ऑफसेट मोजून.